वारं गेलेल्या (पक्षाघात झालेल्या) रुग्णाला घरी आणायचंय: नळी, कॅथेटर, फिजिओ, आणि पलंग माडीवर की खाली?

शुक्रवारपेठकर

वडील, वय 68, वजन 60 किलोच्या आसपास. उजव्या अंगावरून वारं गेलंय, आज सोळावा दिवस. शुद्धीवर आहेत, आपण बोललेलं कळतं, पण शब्द फुटत नाहीत. नाकातून पोटात जेवण द्यायची नळी, म्हणजे राइल्स ट्यूब, आहे, लघवीला कॅथेटर आहे. माकडहाडावर लाल चट्टा दिसतोय, कातडी अजून फाटलेली नाही. शुगरला सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन चालू आहे. शनिवारी डिस्चार्ज देणार म्हणतात.

घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, जुनं. तळमजल्यावर न्हाणी आणि उकिडवं बसायचा संडास, वर माडी, जिना लाकडी आणि अरुंद. खाली ठेवलं तर सगळी सोय, पण पावसाळ्यात गल्लीत पाणी येतं. वर ठेवलं तर खाली आणणं मुश्कील. घरात आई 62 वर्षांची, आम्ही दोघं नवरा-बायको नोकरीवर. नर्सिंग ब्युरोची बाई 12 तास ठेवावी की 24? फिजिओ रोज एक तास येणार आहेत, तेवढं पुरतं का? आणि आईचा प्रश्न: आळणी रस्सा आणि पांढरा रस्सा नळीतून चालतो का?

बावडा_सिस्टर

दादा, शनिवारच्या आत हातात असलेले दिवस सगळ्यात मोलाचे आहेत. तुम्ही, वहिनी आणि आई, तिघांनीही वॉर्डातल्या सिस्टरसमोर स्वतःच्या हातानं तीन कामं करून बघा: नळीतून फीड देणं, कूस बदलणं, लघवीची पिशवी रिकामी करणं. नुसतं बघून घेतलेलं घरी आल्यावर आठवत नाही. आणि डिस्चार्ज कार्डावर या गोष्टी लिहून मागा: राइल्स ट्यूबचा नंबर (बहुतेक 14 किंवा 16), घातल्याची तारीख, नाकपुडीपाशी किती सेंटिमीटरची खूण आहे, कॅथेटरचा नंबर, लेटेक्स की सिलिकॉन, फुग्यात किती मिली पाणी भरलंय, घातल्याची तारीख. हे लिहिलेलं नसलं की पुढं बदलायची वेळ कधी आली ते कुणालाच सांगता येत नाही.

नळी. नाकपुडीपाशी कायमच्या शाईनं खूण करा आणि प्रत्येक फीडच्या आधी ती जागेवर आहे का बघा. नळी बाहेर सरकलेली दिसली, तोंडात वेटोळं दिसलं किंवा फीड सुरू करताच ठसका लागला, तर फीड थांबवा. स्टेथोस्कोप पोटावर लावून हवा ढकलायची आणि गुडगुड ऐकायची ही जुनी पद्धत भरवशाची नाही, नळी फुफ्फुसाकडं गेलेली असली तरी आवाज येतो. सिरिंजनं थोडा रस ओढून पीएच (आम्लता मोजायच्या) पट्टीवर टाकायचा, 5.5 किंवा त्याखाली आला तर नळी पोटात आहे. आम्ल कमी करणारी गोळी चालू असेल तर आकडा वर दिसू शकतो, म्हणून तुमच्या रुग्णाचा नेहमीचा आकडा किती येतो ते वॉर्डातच बघून ठेवा. नळी नव्यानं घातली असेल आणि शंका असेल तर एक्स-रे.

फीड देताना डोकं-छाती 45 अंशांवर. पण आधी गुडघ्यांकडची बाजू उचला, मग डोक्याकडची. उलट केलं तर माणूस खाली घसरतो आणि माकडहाडाची कातडी चादरीवर घासते, चट्टा तिथूनच चिघळतो. 50 मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून टाका, नुसती नळकांडी लावा. 30 मिली पाणी, मग 200 ते 250 मिली फीड, मग पुन्हा 30 मिली पाणी. आपल्या वजनानं उतरू द्या, 15 ते 20 मिनिटं लागली पाहिजेत. दट्ट्यानं ढकललं की उलटी, आणि उलटीतून न्यूमोनिया. नंतर पाऊण तास ते एक तास तसंच बसतं ठेवा, मग डोकं 30 अंशांवर आणा. घाईनं सपाट झोपवणं ही घराघरांत होणारी चूक आहे.

गोळ्या. एकेक वेगळी कुटून 10-15 मिली पाण्यात विरघळवून द्या, दोन गोळ्यांच्या मध्ये थोडं पाणी. सगळ्या एकत्र कुटून फीडमध्ये मिसळू नका, नळी तुंबते आणि किती औषध पोटात गेलं ते कळत नाही. एसआर, एक्सआर, ईआर लिहिलेल्या (पोटात हळूहळू विरघळणाऱ्या) आणि आतड्यात विरघळण्यासाठी आवरण दिलेल्या गोळ्या कुटायच्याच नाहीत. अ‍ॅस्पिरिन बहुधा आवरणाची असते. डॉक्टरांना सांगून पाण्यात विरघळणारी लिहून घ्या. फिट्ससाठी फेनिटॉइन चालू असेल तर त्याच्या आधी आणि नंतर फीडमध्ये एक-दोन तासांची फट ठेवा, नाहीतर औषध अंगाला लागत नाही.

आईंच्या रश्श्याबद्दल. आळणी रस्सा चरबी काढून, पातळ कापडातून गाळून एखाद्या वेळी चालेल, पण त्यात ताकद असते हा समज सोडून द्या. प्रथिनं मटणात राहतात, पाण्यात फारशी उतरत नाहीत. दिवसभर रस्सा दिला तर पोट भरेल आणि जखम भरणार नाही. पांढरा रस्सा नळीतून नकोच: खोबरं-तिळाचं वाटण नळीच्या तोंडाशी बसतं, आणि मिरी-मसाला जळजळ वाढवतो. 60 किलोच्या माणसाला, चट्टा असताना, दिवसाला अंदाजे 75 ते 90 ग्रॅम प्रथिनं लागतात. किडनीचा त्रास असेल तर मात्र आकडा डॉक्टरच ठरवतील. पाव लिटर दुधात 8 ग्रॅम, एका अंड्यात 6, मूठभर म्हणजे 30 ग्रॅम डाळीत 7. अंडं उकडूनच मिक्सरला लावायचं, कच्चं दुधात फेटून द्यायचं नाही. नाचणीसत्त्व चांगलं उकळून गाळून द्या, गुठळी राहिली तर नळी गेली. घरच्या जेवणातून एवढी प्रथिनं बसत नसतील तर आहारतज्ज्ञांकडून प्रोटीन पावडर मोजून घ्या. केलेलं फीड बाहेर 2 तासांपेक्षा जास्त ठेवू नये, फ्रीजमध्ये 24 तास. शुगर आहे, तेव्हा साखर-गूळ घालू नका, आणि फीडच्या वेळा व इन्सुलिनच्या वेळा एकाच कागदावर लिहा.

नळीनं जेवतात म्हणून तोंड कोरडं सोडू नका. दिवसातून दोनदा मऊ ब्रशनं दात, जीभ, आणि लुळ्या बाजूचा गाल आतून पुसा. तोंडातली घाण फुफ्फुसात उतरते, ताप येतो.

माकडहाडाचा चट्टा. बोटानं तीन सेकंद दाबून सोडा. पांढरा होऊन पुन्हा लाल झाला तर रक्त फिरतंय; लालच राहिला तर ती जखमेची पहिली पायरी. तिथं चोळायचं नाही, तेल नाही, स्पिरिट नाही, पावडर नाही, आणि रबरी चकती म्हणजे रिंग तर अजिबात नाही. तिच्या कडेनं दाब वाढतो. दर दोन तासांनी कूस, पूर्ण 90 अंशांत नको, 30 अंशांतच, पाठीमागं लोड देऊन. पोटरीखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवा. भिंतीवर वेळ आणि बाजू लिहायचा कागद चिकटवा. ज्याची पाळी त्यानं सही करायची.

कॅथेटर. पहिला प्रश्न डॉक्टरांना हाच विचारा: हा हवाच आहे का? पुष्कळांचा काढून बघता येतो, पुरुषांना कंडोम कॅथेटरचाही पर्याय असतो. ठेवायचाच असेल तर पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता. दोन तृतीयांश भरली की रिकामी. नळी मांडीला चिकटपट्टीनं बांधा. रोज साबण-पाण्यानं धुणं पुरे, वर डेटॉल-बीटाडीन लावू नका. लघवी थांबली तर आधी नळी मुडपलीय का, पोट साफ झालंय का ते बघा. गच्च शौच साठलं तरी लघवी अडते. तरीही येत नसेल आणि ओटीपोट फुगलं तर थांबू नका, दवाखाना गाठा. फुगा फुगलेला असताना कॅथेटर ओढला तर मूत्रमार्ग फाटतो. रुग्ण हातानं ओढत असेल तर ढगळ पायजमा घाला, हात बांधू नका.

राजारामपुरी_फिजिओ

सिस्टरांनी लिहिलंय त्यात काही राहिलेलं नाही, मी फक्त हालचालीचं बोलतो. एक तास पुरतो का? नाही. ब्रिटनच्या नाईस या संस्थेची 2023 ची मार्गदर्शिका पक्षाघातानंतर आठवड्याला किमान 5 दिवस, दिवसाला किमान 3 तास पुनर्वसन मिळावं असं सांगते, आणि त्यात बोलण्याचा व हाताच्या कामाचा सरावही धरलाय. घरी येणारा फिजिओ एक तास देतो. उरलेलं घरच्यांनी करायचं असतं. म्हणून फिजिओकडून रोज जाताना एक गोष्ट करून घ्या: आज कोणते दोन व्यायाम, किती वेळा, कोण करून घेणार, ते वहीत लिहायचं. मेंदूला नवी वाट पाडायला पुन्हा पुन्हा केलेली तीच हालचाल लागते. गरम शेक आणि करंटची मशीन लावून फिजिओ 40 मिनिटं बाजूला बसत असतील तर मोकळेपणानं विचारा की हालचालीचा सराव किती मिनिटांचा झाला.

आता खांदा. घरी आल्यावर सगळ्यात जास्त नुकसान खांद्याचं होतं, आणि ते आपणच करतो. लुळ्या बाजूचे स्नायू सैल पडलेले असतात, हाडाचा गोळा खोबणीतून अर्धा बोट खाली आलेला असतो. अशा वेळी काखेत हात घालून उचललं किंवा हात धरून ओढून बसवलं की खांदा दुखायला लागतो, आणि दुखऱ्या खांद्याचा माणूस व्यायामच करू देत नाही. नियम साधा आहे: उजवा हात कुणीही ओढायचा नाही. उठवताना कमरेला रुंद पट्टा बांधा, तो धरा. बसलेले असताना हात मांडीवर किंवा पाटावर उशी ठेवून, लोंबकळत नको. हाताची झोळी फक्त उभं राहताना-चालताना, दिवसभर नाही. सतत घातली तर कोपर आणि बोटं आवळतात. दरवाज्याला दोरी-पुली लावून हात वर ओढायचा व्यायाम करू नका, त्यानं खांद्याचं दुखणं वाढतं. मऊ चेंडू दाबायला देतात लोक. बोटं आधीच मुठीत मिटत असतील तर दाबण्याऐवजी उघडण्याचा सराव हवा.

उजव्या कुशीवर झोपवलं तर चालतं, उलट चांगलं. फक्त खाली दबलेला खांदा हलकेच पुढं काढून ठेवा. डाव्या कुशीवर असताना उजवा हात आणि पाय दोन्हींखाली उशी. तळव्याला टेकवायला फळी लावू नका, पाय ताठरतो. पाऊल खाली लोंबत असेल तर घोटा आणि पाऊल सरळ धरणारा मापाचा एएफओ पट्टा करून घ्या.

बसण्यातून उभं राहणं हा सध्याचा मुख्य व्यायाम. पलंगाची उंची अशी हवी की पावलं जमिनीला पूर्ण टेकतील, साधारण 45 ते 50 सेंटिमीटर. ताकद कमी असेल तर थोडा उंच. गादीच्या कडेला पुढं सरकवा, दोन्ही पावलं गुडघ्यांच्या थोडी मागं, नाक पावलांच्या पुढं येईपर्यंत वाकू द्या, मग उठू द्या. लोक सरळ वर ओढतात, म्हणून उठता येत नाही. वजन आधी पुढं आलं पाहिजे. उजव्या पायावर भार येतोय का ते बघा, नाहीतर सगळं काम डावा पायच करतो. बसवल्याबरोबर चक्कर आली, घाम आला तर खाली झोपवून बीपी बघा. बीपी डाव्या हातावरच घ्या, सुईसुद्धा डाव्या हाताला.

खुर्चीत घेताना चांगल्या बाजूनं घ्यायचं. खुर्ची डाव्या हाताला, पलंगाशी तिरकी, ब्रेक लावलेली, पायठाणं बाजूला केलेली. पुढं काठी आली की ती डाव्या हातात. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना लुळा पाय आधी.

आणि कृपा करून कोल्हापुरी चप्पल कपाटात ठेवा. कातडी तळ फरशीवर निसटतो, मागं पट्टा नसतो, आणि लुळ्या पायाला ती पकडून ठेवता येत नाही, फरफटत जाते. मागून बंद, रबरी तळाचा, वेल्क्रोचा बूट घ्या. एएफओ बसायचा असेल तर एक नंबर मोठा.

चोळणाऱ्यांबद्दल दोन शब्द. वारं गेलं म्हटलं की तेल लावून हात-पाय जोरात चोळणारे, झटका देऊन बोटं मोडणारे दारात येतात. संवेदना कमी असलेल्या अंगाला गरम तेलाचा चटका कळत नाही, आणि लुळ्या खांद्याला दिलेला झटका महिनोन्‌महिने दुखतो. हलक्या हातानं तेल आईंनी लावावं, त्यात काही वाईट नाही.

गिळण्याचं मी सांगत नाही, स्पीच थेरपिस्ट बघतील. फक्त एवढंच: त्यांनी तपासल्याशिवाय प्रेमापोटी चमचाभर चहासुद्धा तोंडात घालू नका. ठसका लागला नाही म्हणजे श्वासनलिकेत गेलं नाही असं नसतं. प्यायल्यावर आवाज ओलसर, घरघरता होणं हीही खूण आहे. शब्द फुटत नाहीत म्हणून मोठ्यानं किंवा लहान मुलाशी बोलावं तसं बोलू नका, त्यांना कळतंय. हो-नाही असे प्रश्न विचारा, चित्रांची पाटी करा, उत्तराला दहा सेकंद थांबा.

कळंबा_रोड

ब्युरोचं सांगतो. "सिस्टर पाठवतो" म्हणतात, पण येणारी व्यक्ती जीएनएम (नर्सिंग डिप्लोमा झालेली), एएनएम (सहायक परिचारिका) की नुसती सहा महिन्यांचा कोर्स केलेली मदतनीस, हे पैसे ठरवायच्या आधी विचारा. जीएनएम असेल तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. तो आणि ओळखपत्र बघा. फिजिओलाही राज्य परिषदेची नोंदणी असते. तुमच्या केसमध्ये राइल्स ट्यूब बदलणं, कॅथेटर बदलणं, इंजेक्शन ही नोंदणीकृत नर्सची कामं. अंग पुसणं, कूस, फीड, डायपर ही शिकवलेली मदतनीस करू शकते. म्हणून 24 तास महागडी नर्स घेण्यापेक्षा 12 तासांची चांगली मदतनीस आणि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी भेट देणारी जीएनएम, असा मेळ बसतो का बघा.

मदतनीस रात्रीची ठेवा, दिवसाची नाही, असं मी म्हणेन. दिवसा आईंच्या सोबतीला फिजिओ येतात, शेजारी येतात. दोन, चार आणि सहा वाजता कूस बदलायला उठणारं माणूस नसेल तर तो चट्टा पंधरा दिवसांत जखम होतो. करारात लिहून घ्या: सुट्टी घेतली तर बदली कोण, रात्री झोपायची परवानगी किती, जेवण कुणाचं, कपडे-भांडी करायला लावायचं नाही हेही. तुमच्या बाजूनंही नियम पाळा. सलग 24 तास एकाच बाईला राबवलं तर चुका होणारच.

विमा असेल तर डिस्चार्ज कार्डावर "घरी नर्सिंग आणि फिजिओथेरपीचा सल्ला" असं स्पष्ट लिहून घ्या. पुष्कळ पॉलिसींत डिस्चार्जनंतरचे 60 दिवसांपर्यंतचे खर्च बसतात, पण बिलावर नोंदणी क्रमांक आणि शिक्का लागतो. साध्या मदतनिसाचं बिल बहुधा नाकारतात.

दुधाळी_काठ

पलंग खाली मांडा. माडीवरून रोज न्हाणी, फिजिओचं चालणं, अचानक दवाखाना, काहीच जमणार नाही. पूर वर्षातून मोजके दिवस, बाकीचं वर्ष जिना. फक्त पुराची तयारी आजच ठरवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. बाकी घरं 43 ची वाट बघतील. तुम्ही 39 च्या आसपास, पाणी चढतं असेल तर त्याच दिवशी उजेडात रुग्ण हलवा. गल्लीत गुडघाभर पाणी आलं की स्ट्रेचर आत येत नाही. राजारामपुरी, संभाजीनगरकडं उंचावर नातेवाईक असतील तर तळमजल्याची एक खोली आत्ताच बोलून ठेवा. एका प्लास्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज कार्डाची प्रत, 7 दिवसांच्या गोळ्या, जादा राइल्स ट्यूब, जादा लघवीची पिशवी, दोन मोठ्या सिरिंज, बर्फाच्या पिशवीसह इन्सुलिनचा डबा. रुग्ण उचलायचा तर हात नसलेल्या मजबूत खुर्चीला पट्ट्यानं बांधून, दोघांनी, डोकं नेहमी उंच बाजूला.

वायुगादी घेणार असाल, आणि घ्याच, तर तिच्यावर एकच सुती चादर. वर रबरी मेणकापड, त्यावर गोधडी, त्यावर डायपर असं केलं की गादीचा उपयोग संपला. पंप वजनाप्रमाणे लावा. रुग्ण झोपलेला असताना गादीखाली कमरेशी तळहात घाला, अंग हाताला लागलं तर हवा कमी आहे, इंचभर हवा मध्ये जाणवली पाहिजे. पंपाला वीज फार लागत नाही, घरचा छोटा इन्व्हर्टर पुरतो. वीज गेली आणि इन्व्हर्टर नसेल तर नळी पंपापासून काढून दुमडून बांधा, म्हणजे हवा लगेच उतरत नाही.

न्हाणीचं दार आज टेपनं मोजा. साध्या व्हीलचेअरची पूर्ण रुंदी 24 ते 26 इंच असते, पेठांतली जुनी दारं कधी त्याहून अरुंद. खुर्ची आणून परत करण्यापेक्षा आधी माप. उंबऱ्याला उतार द्यायचा तर दर इंच उंचीला एक फूट लांबी. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट. बसायच्या संडासावर ठेवायची कमोड खुर्ची मिळते, पाय रबरी आणि हात उघडणारे बघून घ्या.

शुक्रवारपेठकर

सगळ्यांचे मनापासून आभार. पलंग खाली, मदतनीस रात्रीची, एवढं ठरलं. रश्श्याचं आईला पटवलं, अंडी-डाळीवर आली आहे. एकच भीती उरली: रात्री दोन वाजता नळीच निघाली तर? आणि कधी सरळ 108 ला फोन करायचा?

बावडा_सिस्टर

108 कधी: तोंड नव्यानं वाकडं झालं, दुसऱ्या बाजूचा हात किंवा पाय पडला, झोपेतून उठवूनही उठेनात, फिट आली, किंवा दम लागून ऑक्सिजन 92 च्या खाली गेला आणि बसतं करूनही वर येत नाही. नव्या झटक्यात वेळ घड्याळानं लिहा: "शेवटचे बरे कधी दिसले" हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात. आधी घरगुती उपाय करत बसू नका. ताप 101 च्या वर, लघवी गढूळ-वासाची, दिवसभरात 700 मिलीपेक्षा कमी, किंवा चट्ट्यावर फोड, यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, 108 नको. एका पोटरीला नव्यानं सूज आणि दुखणं असेल तर ती चोळू नका, त्याच दिवशी दाखवा. शिरेत गुठळी असू शकते.

नळी रात्री निघाली तर घाबरू नका आणि घरच्यांनी पुन्हा घालायचा प्रयत्न करू नका. मदतनीस जीएनएम नसेल तर तिलाही घालू देऊ नका. नळी पूर्ण निघाली असेल तर बाजूला ठेवा; अर्धी निघाली असेल तर फीड लावायचं नाही, चिकटपट्टीनं आहे तशी धरून ठेवा. तोंडानं पाणी द्यायचं नाही. सकाळपर्यंतचं एखादं फीड चुकल्यानं बिघडत नाही. फक्त इन्सुलिन. फीड जाणार नसेल तर सकाळचा डोस नेहमीसारखा टोचू नका, आधी ग्लुकोमीटरवर शुगर बघा आणि डॉक्टरांना फोन करून डोस विचारा. शुगर 70 च्या खाली असेल आणि नळी नसेल तर तोंडात साखर-पाणी ओतायचं नाही, ते फुफ्फुसात जाईल. तेव्हा मात्र सरळ 108, त्यांच्याकडं शिरेतून द्यायचं ग्लुकोज असतं.